पाच चौकोनांची होडी

नेयाफू, वावाऊ बेट
शनिवार, ७ मार्च, सकाळ

प्रिय फेलेती,

खुशाल असशील. आम्ही इथे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. डुकरिणीला पिल्लं झाली. तुझी वहिनी उद्याच्या जेवणाला अळूच्या पानांत मटण बांधणार होती, पण पानं ओट्यावर तशीच सुकतायत.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्याकडे येणाऱ्या सकाळच्या विमानाच्या पायलटकडे देतोय. उद्या रविवार, विमान नाही, दुकान नाही, काहीच नाही. तेव्हा वाचून होईपर्यंत राग बाजूला ठेव.

आईच्या थडग्यावरचा फलक पाहून तू सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणालास, "दादा, ही आई आहे की न्हाणीघराची फरशी?" लोक हसले. मीही हसलो, फोटोचे फलक छापणाऱ्या दुकानदाराला हसावं लागतं. अरे, जुन्या फोनवरचा तो एवढासा फोटो. फोटो ज्या बारीक रंगीत चौकोनांचा बनतो, ते त्यात होते तेवढेच होते. दाराएवढा फलक केला की ते फुगणारच. मोठं केल्याने फोटोत नवं काही येत नाही. हे सांगायच्या आत तू गुरुवारी बॅग उचलून विमानात बसलास.

त्या विमानाच्या खिडकीतून तू खाली दिसणाऱ्या प्रवाळाचा कॅमेऱ्याने फोटो काढलास आणि उतरल्यावर घरच्या ग्रुपवर टाकलास. एक शब्द न लिहिता.

तू गेल्यावर कळलं की होपोआते बुधवारी मासेमारीला गेला तो परतलाच नाही. फेलेती, आपला जावई, माझ्या सिसिलियाचा नवरा. सिसिलियाने तुझा फोटो पाहिला आणि दक्षिणेकडच्या हाआपाई बेटांच्या बाजूच्या पाण्यात तिला एक पांढरा ठिपका दिसला. "बाबा, मोठा करा." केला. पाच चौकोन. पांढरे, कडेला एक राखाडी.

इथवर लिहून मी दुकानाची काच पुसून आलो. काच स्वच्छच होती.

तुझा टोमणा लागला होता म्हणून मी एक प्रोग्रॅम घेतला. कमी पडलेले चौकोन तो आपल्या मनाने भरतो. आईचा चेहरा त्यात घातला, तर गुळगुळीत झाला, पण हनुवटीवरचा तीळ गेला. त्याला तो डाग वाटला. तरी मी तोच नवा फलक लावला. काल रात्री सिसिलिया पाठीशी उभी होती. मी ते पाच चौकोन त्यात घातले. होडी आली. होडीत माणूस आला, हात वर केलेला, लाल शर्टातला. तिने पडद्यावर तळवा ठेवला. म्हणाली, "हाच शर्ट घालून गेलाय."

तीळ कसा गेला ते मला माहीत होतं. तरीही तो फोटो मी नौदलाच्या कचेरीत पाठवला.

उजाडल्यावर तिथल्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे होडी आहे की नाही?"

"साहेब, पाच चौकोन आहेत. बाकी सगळं यंत्राच्या मनातलं."

रविवार असला तरी नौदलाचं शोधविमान उद्या शेवटचं येणार. प्रवाहाचा हिशेब पश्चिमेला बोट दाखवतो, तुझा फोटो दक्षिणेला. एकाच बाजूला जाता येईल आणि ती बाजू आज संध्याकाळी ठरायची आहे.

ग्रुपवर टाकलेला फोटो पिळून लहान होतो. मूळ फोटो तुझ्या कॅमेऱ्यात आहे. माझे पाच चौकोन आहेत तिथे त्यात सत्तर-ऐंशी असतील, आणि ते खरे असतील. फोनवरून पाठवू नकोस. कॅमेऱ्यातलं कार्ड काढ आणि स्वतः तिथल्या बंदरावरच्या नौदलाच्या कचेरीत नेऊन दे. मला तर मुळीच पाठवू नकोस. माझ्या हाती आलं तर मी पुन्हा त्यात जावई शोधत बसेन.

सिसिलिया पायरीवर बसली आहे. माझं फोनवरचं बोलणं तिने ऐकलं. म्हणाली, "फोटोत होता तेवढा तरी राहू द्यायचा होता, बाबा."

पायलट हाक मारतोय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेला,
सामिसोनी


सोमवार, ९ मार्च

फेलेती,

तू जेवणावरून उठून तसाच बंदरावर गेलास, हे साहेबांकडून कळलं. मूळ फोटोत ओंडका निघाला आणि त्यावर बसलेले दोन पक्षी. सिसिलियाला ते मीच सांगितलं. ती आत गेली. ती रात्र या घरात कशी गेली ते लिहीत नाही.

विमान पश्चिमेला गेलं. होपोआते इस्पितळात आहे. ओठ फाटलेत, आवाज नाही, पण खुणेने नारळाचं पाणी मागून पितो. अंगावर निळा बनियन होता. लाल शर्ट घरी जाळ्यांच्या ढिगाखाली सापडला.

सिसिलिया माझ्याशी अजून बोलत नाही. आज दुकानात चहा ठेवून गेली, एवढंच.

आईचा गुळगुळीत फलक मी उतरवला आणि जुना परत लावला. लोक हसले तर हसोत. जवळ जाऊन पाहिलं, हनुवटीवर एक काळा चौकोन आहे. तो आईचाच आहे.

पुढच्या विमानाने ये. वहिनीने ताजी पानं आणली आहेत.

तुझा दादा,
सामिसोनी फरशीवाला