छत्रीवाल्यांची चाचणी

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. पत्र मिळालं. मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्यासारखाच, कुरकुरतो आणि काम करतो. माझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतलीस, पलंगही टाकलास, हे वाचून डोळे भरून आले. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी दुकानाची बातमी ऐक.

दुकानाला छत्री लागली! पावसाची नव्हे, पत्र्यावर बसवलेली, आकाशाकडे तोंड केलेली. या खिंडीत ना इंटरनेट ना फोनची रेंज, हे तू बघितलंच आहेस. खाणीवरच्या लोकांचा पगार बँकेत पडायचा आणि खिशात मात्र खडखडाट. आता गिऱ्हाईक गल्ल्याजवळच्या डबीला कार्ड लावतं, आपला गुप्त आकडा दाबतं, की व्यवहार कुलूपबंद होऊन उपग्रहाकडे जातो आणि तिथून बँकेत. वाटेत कुणी पकडलाच तरी त्याला काही वाचता येत नाही. फक्त उपग्रह डोक्यावर यावा लागतो, आणि तो दिवसातून मोजक्याच वेळा येतो, मानी जावयासारखा. तोवर सगळे बाकावर बसून राहतात. एरवी मीठ घेऊन पळणारी माणसं आता एकमेकांच्या पोराबाळांची चौकशी करतात. दुकानाचं पार लग्नघर झालंय.

छत्री बसवायला आलेल्या गृहस्थांना इथे सगळे छत्रीवालेच म्हणतात. वयाने भावोजींएवढे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पत्र्यावर चढताना मला म्हणाले, "शिडी घट्ट धरा हं, मला उंचीची भीती वाटते." आकाशाशी बोलणी करणारा माणूस आणि शिडीला भितो! मी पोट धरून हसले. आमचे हे गेल्यापासून इतकी हसल्याचं आठवत नाही.

ते खिंडीपलीकडच्या वाड्या फिरतात. जिथे असतील तिथून रोज सकाळी माझ्या डबीवर अगदी चिमूटभर रक्कम पाठवतात. मी ती लगेच परत करते. येणं-जाणं दोन्ही सुरू आहे, हे त्यांना कळतं. सोबत छोटा संदेश लिहिता येतो. आधी नुसतं "चाचणी" असायचं. मग "चाचणी. गुडघा कसा आहे?" मी लिहायची, "बरा. जेवलात का?" संदेशात जेमतेम दोन ओळी मावतात. ताई, दोन ओळींत पुष्कळ मावतं गं.

मागच्या पत्रात छत्रीचंही लिहिलं नाही आणि हेही नाही. लिहिण्यासारखं काय आहे त्यात, असं स्वतःलाच बजावत होते.

परवा मात्र कहर झाला. खाणीवरच्या मुकादमांना डबीवरची अक्षरं दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या हट्टापायी मी तिचा आवाज चालू केला होता. छत्रीवाल्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! सकाळी उपग्रह आला. बाकावर मुकादम, शाळेच्या बाई आणि आणखी चार-पाच जण. डबी खणखणीत बोलली, "रक्कम जमा झाली. संदेश: चाचणी. माझ्याशी लग्न कराल का?"

एवढी कुलपं लावून निरोप आकाशातून सुखरूप आला, आणि माझ्या गल्ल्यावर येऊन त्याने दवंडी पिटली! माझ्या हातातला साबणाचा खोका पडला.

मुकादम म्हणाले, "वहिनी, हे काही माझ्या साबणाचे पैसे नव्हेत."

शाळेच्या बाई ओरडल्या, "अहो, बघत काय बसलात? उपग्रह जाईल! उत्तर द्या पटकन!"

ताई, त्या क्षणी तुझी खोली डोळ्यांपुढे आली. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस. तुला न विचारता हो कसं म्हणू? आणि नाही म्हटलं, तर उद्यापासून माझा गुडघा कोण विचारणार? डबी वाट बघत होती, "रक्कम परत करायची?" रोज मी न बघता "हो" दाबते. परवा चष्मा लावला, नीट वाचलं आणि "नाही" दाबलं. संदेश लिहिला, "ठेवून घेतली."

उपग्रह डोंगराआड जायच्या आत निरोप गेला. बाकावर टाळ्यांचा नुसता कडकडाट! मुकादमांनी माझ्याच बरणीतल्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या आणि कार्ड लावायचं सोयीस्कर विसरले. दुपारच्या फेरीला डबी पुन्हा बोलली, "संदेश: आवाज चालू होता का?" मी कळवलं, "हो. साक्षीदार भरपूर आहेत."

तर ताई, मी तुझ्याकडे राहायला येत नाहीये. लिहिलं एकदाचं. तुला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं आणि कळतंय सगळ्यांच्या शेवटी. रागाव, भरपूर रागाव. पण मी फार आनंदात आहे गं, आणि तू हो म्हटल्याशिवाय हा आनंद मला पुरा वाटणार नाही. खिंडीपलीकडे रस्त्यावर दरड कोसळली आहे, ती काढून झाली की ते इकडे येतील, आणि मग दोघं तुझ्या पाया पडायला येऊ.

त्या खोलीत आणखी एक पलंग टाकून ठेवशील? आणि जिन्याला कठडा आहे ना गं? यांना उंचीची भीती वाटते.

उपग्रहापेक्षाही तुझ्या उत्तराची जास्त वाट बघणारी,
तुझी धाकटी