अठ्ठेचाळीस टक्के

सेंट ओडील, लुइझियाना
मंगळवार, ११ मार्च

लाडक्या कोरीन,

तू आणि मुलं मजेत असाल असं धरून चालते. इथे क्रॉफिश झिंगे यंदा लहान आणि महाग, चर्चच्या आवारातलं ओकचं झाड एकदाचं पाडलं, आणि माझी कंबर जैसे थे. लेंटचे उपास चालू आहेत, मांस बंद, त्यामुळे दर शुक्रवारी सगळं गाव टाऊन हॉलवर मासे तळायला जमतं. गेल्या शुक्रवारी मी गेले नाही.

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मी लगेच गप्प बसते, म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की गावाची पूरविम्यातली सूट जाणार. ती मिळवायला आम्ही सहा वर्षं राबलो होतो गं. हप्ते असे चढले होते की माणसं घरं विकायला निघाली, आणि घ्यायला कुत्रंही फिरकेना. मग सरकारची ती योजना आली. गाव पुरापासून स्वतःला जितकं सांभाळेल तितके गुण, आणि जितके गुण तितका प्रत्येक घराचा हप्ता कमी. आम्ही नाले उपसले. बेसबॉलच्या जुन्या मैदानावर दुकानं होऊ दिली नाहीत, ते पाणी मुरायला मोकळं ठेवलं. घरोघरी पत्रकं घेऊन मी फिरायचे, कारण बांधकामाचे परवाने देणारी बाई मीच. लोक मला पाण्याची पाद्रीण म्हणायचे. "आली रे आली, दार लावा!" असं ओरडायचे आणि मग कॉफी पाजायचे. हप्ता पंधरा टक्क्यांनी उतरला त्या दिवशी मेयरने गम्बोचं जेवण ठेवलं होतं आणि आपला पॉप माझ्याबरोबर नाचला होता, त्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी.

तू तोवर ह्यूस्टनला गेली होतीस, म्हणून एक नियम तुला ठाऊक नसेल. वादळात घराचं निम्म्याहून जास्त नुकसान झालं, तर ते खांबांवर उचलायचं, नाहीतर दुरुस्तीचा परवाना मिळत नाही. निम्मं झालं की नाही हे गावाने ठरवायचं. गावाने म्हणजे मी. हा नियम आम्ही पाळतो, या भरवशावर तर सूट होती.

गेल्या महिन्यात तपासनीस आली. मिस व्हो नावाची मुलगी, बोलायला अगदी मऊ. तिने चार वर्षांपूर्वीच्या वादळाच्या फायली काढल्या आणि फोटो शेजारी मांडले. अकरा घरं. कुठे सत्तेचाळीस टक्के, कुठे अठ्ठेचाळीस, कुठे एकोणपन्नास. "बाई," ती म्हणाली, "तुमच्या गावात वादळ फारच हिशोबाने आलं होतं." मी हसले. ती हसली नाही.

त्या अकरांतलं पहिलं घर आपल्या बापाचं आहे, पॉपचं.

पाणी ओसरल्यावर मी कागद घेऊन गेले, तेव्हा तो उलट्या बादलीवर बसला होता आणि भिंतींचा ओला लगदा अंगणात पडला होता. सगळं मोजलं तर सत्तावन्न भरलं. मी म्हटलं, "पॉप, घर उचलावं लागणार."

"किती पायऱ्या?"

"चौदा."

"मग मला एकदाच वर नेऊन ठेव, आणि खाली आणशील ते शवपेटीतूनच." तो हसला, मग त्याचं हसू गेलं. "हेझल, माझ्या बाळा, हे गुडघे बघ. माझ्या दारातून माझ्या पायांनी बाहेर पडू दे की मला."

मी अठ्ठेचाळीस लिहिलं.

सत्तावन्न लिहिलं असतं तर घर उचलायला विम्यानेच पैसे दिले असते. ते मला पाठ होतं, दारोदार मीच सांगत होते. ओसरीला छोटी लिफ्टही बसली असती. पण वर्षभराची कटकट, ठेकेदार, पॉपची कुरकुर, हे कोण निस्तरणार? माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे खरं. आळसही तेवढाच होता. मग गावात कुजबुज झाली, आणि "बापाला जमतं, मग आम्ही काय पाप केलंय?" म्हणत आणखी दहा जण आले. मला कोणत्या तोंडाने नाही म्हणता आलं असतं?

नाही म्हटलं फक्त शेजारच्या क्लोव्हिसला. तो भांडखोर, माझ्याशी त्याचं कधीच पटलं नाही, म्हणून त्याला खरा आकडा दिला, त्रेसष्ट. "दोन घरांत एक कुंपण आहे, हेझल! पाणी काय कुंपणाशी थांबून नमस्कार करून गेलं?" असा भर ऑफिसात ओरडला. मी म्हणाले, "आकडा तो आकडा." त्याने शिव्या घालत घर उचललं.

दोन वर्षांनी पुढचं वादळ आलं तेव्हा मी शाळेत निवाऱ्याच्या कामावर होते. पॉपला फोन केला, गाडी पाठवते म्हटलं. तो म्हणाला, "कशाला? घर धड आहे, तुझ्याच कागदावर लिहिलंय." दुसऱ्या लोकांना आणायचं होतं, मी फोन ठेवला.

मी तुला सांगितलं होतं की पॉप चटकन गेला. चटकन नाही गेला, कोरीन. पाणी पंख्यापर्यंत गेलं आणि पॉप माळ्यावर चढला. क्लोव्हिस त्याच्या वरच्या ओसरीतून हाका मारत होता, त्याची होडी वाऱ्याने केव्हाच तोडून नेली होती. पॉप आतून छताला ठोकत होता. तासभर, क्लोव्हिस म्हणतो. नंतर आवाज आला नाही.

क्लोव्हिस आता दर रविवारी मला खेकडे आणून देतो. "तू तेव्हा नमली नाहीस म्हणून मी आहे," म्हणतो. मी घेते, उकडते, खाते.

गुरुवारी गावची सभा आहे. चारशे घरांचा हप्ता पुन्हा चढणार, आणि एकट्या मिसेस बाबँला तो न परवडून घर सोडावं लागणार हे सगळ्यांना दिसतंय. मेयर म्हणतो, कॉम्प्युटरची चूक झाली म्हणू. मी उभी राहून खरं सांगणार आहे, मग नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. पण गावाच्या आधी तुला कळायला हवं.

त्या वादळाआधी पॉप काही महिने तुझ्याकडे राहत होता, तुमचं त्याच्या सिगारेटींवरून वाजलं आणि तू त्याला बसमध्ये बसवून दिलंस. आठवड्याने वादळ आलं. दफनाच्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "मी त्याला परत पाठवलं." तेव्हापासून दर फोनला तेच म्हणतेस, आणि मी म्हणते, "जाऊ दे गं." तुला त्यात ऐकू येत असणार की हो, तुझंच चुकलं, पण मी माफ केलं. मी ते तसं ऐकू येऊ दिलं. तू गोळ्या घ्यायला लागलीस, त्याची खोली कुलूप लावून ठेवलीस, मुलांवर उगाच ओरडायला लागलीस, तरी ऐकू येऊ दिलं. दोघींपैकी कुणीतरी दोषी असायला हवं होतं, आणि तू आपणहून पुढे झाली होतीस.

तू त्याला त्याच्या घरी पाठवलंस. बापाला घरी पाठवण्यात काहीच वाईट नव्हतं. ते घर बुडेल असं मी ठेवलं होतं.

माझी समजूत घालू नकोस. उत्तर दिलं नाहीस तरी मला कळेल. फक्त त्या खोलीचं कुलूप काढ आणि ती मुलांना दे.

दोन वर्षं जिची तू माफी मागत आलीस, ती
हेझल