ताई, केस धुऊन ये

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढा). भावजींचा खोकला आणि त्यावरची त्यांची व्याख्यानं, दोन्ही कमी झाली असतील अशी आशा आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. त्याचा राग मानू नकोस. तुला स्वच्छ दिसतं हे तू वर्षभर सांगते आहेस आणि मी ऐकतो आहे. फक्त मागच्या खेपेला खुंटीवरच्या भावजींच्या कोटाला तू "आत या ना, बसा" म्हणालीस, एवढंच मनात राहिलं. (एवढी अदब आपल्या वाट्याला कधी आली नाही, असं भावजी अजून म्हणतात.)

तर माझ्या नोकरीची गंमत सांगतो. नोकरी तुला ठाऊक आहेच: लोकांच्या वेबसाइटवरचा मजकूर लिहायचा, म्हणजे ज्याला जे सांगायचं आहे ते त्याच्या तावडीतून सोडवून वाचणाऱ्यापर्यंत पोचवायचं. यंदा गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांचे डॉक्टर आले. माणूस सज्जन, पण लिहायला बसला की अंगात सरकारी परिपत्रक संचारतं. त्यांच्या जुन्या पानावर 'सर्वंकष नेत्रसेवा प्रदान करण्यास कटिबद्ध' असं काहीतरी होतं, आणि ऑपरेशनला उपाशी यायचं की जेवून, हे कुठेच नव्हतं. ते सांगायला फोनवर एक बाई बसवल्या होत्या. दुखतं का, पट्टी किती दिवस, घरी कधी सोडता, एवढंच दिवसभर सांगून त्यांचा स्वभाव बिघडला होता. मला पाहताच त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहिणारे ना? मग लिहा की, लोकांना कळेल असं."

आता माझी पद्धत तुला कधी सांगितली नव्हती, सांगायला लाज वाटते. मी कुठलंही पान लिहायला घेतलं की वर 'ताई,' असं लिहितो आणि तुला सांगतो आहे असं समजून पुढे जातो. माझ्या निबंधांवर लाल पेन्सिल फिरवत तू विचारायचीस, "हे शोभेला आहे की कामाचं?" तो प्रश्न कानात असला की शोभेचं आपोआप गळतं. शेवटी 'ताई' खोडायची आणि मजकूर पाठवायचा. वीस वर्षांत पंप, विमा, चपला, सगळं तुला समजावून झालं आहे.

या वेळी मोतीबिंदूच्या पानावरची ताई खोडायची राहिली. डॉक्टरांनी न वाचताच पान चढवलं (स्वतःच्या वेबसाइटवरचं कोण वाचतं?). आठ दिवस अख्खं जग वाचत होतं: 'ताई, आदल्या दिवशी केस धुऊन ये, नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही. वीस मिनिटांचं काम आहे, त्याच दिवशी घरी. दाताच्या डॉक्टरकडे मला फरफटत नेलं होतंस, त्या मानाने हे काहीच नाही. सोबत भावजींना आण, पण गाडी त्यांच्या हाती देऊ नकोस. घाबरू नकोस, मी बाहेर बाकावर आहे.'

एक निवृत्त बसचालक येऊन फोनवाल्या बाईंना अगदी गंभीरपणे म्हणाले, "मला भावजी नाहीत, जावई चालेल का?" दुसऱ्या एका आजींनी बाकावरचा भाऊ कुठे आहे म्हणून चौकशी केली. मला बोलावणं आलं. नोकरी गेली असं धरून मी निघालो. डॉक्टरांनी समोर बसवलं आणि सांगितलं, तारीख घेऊन ऐनवेळी न येणारे या आठवड्यात सगळे आले. पानाला हात लावायचा नाही.

सगळे आले, ताई. जिच्यासाठी लिहिलं ती सोडून.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या पानावर नाव नोंदवायचा तक्ताही मीच लिहिला आहे. तो नीट चालतो का हे पाहायला तुझं नाव भरलं. चालतो. गुरुवारी सकाळी आठला दाराशी येतो. केस बुधवारी धू.

ता. क. पुन्हा. 'सोबत कोण' या रकान्यात मी आहे. बाक मी बसून पाहिला, बरा आहे.

ता. क. शेवटचा. त्या पानाची छापील प्रत सोबत ठेवली आहे. आत्ता वाचू नकोस. पट्टी निघाली की लाल पेन्सिल घेऊन बस. पुढच्या पानांच्या डोक्यावर काय लिहायचं ते मला दुसरं सुचत नाही.