धगीवरचा पंखा

पुणे, २ एप्रिल २०२४

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. फोनवर आई शेजारी असते आणि तुम्ही सगळ्यालाच ‘हाव, हाव’ करत होकार देता, म्हणून लिहितेय. चण्याच्या भट्टीच्या धुराड्यावर मी बसवलेली नळी घुमते ना? एक टोक तापतं, दुसरं गार राहतं, त्या फरकाने आतली हवा घुमते आणि त्या आवाजाने चुंबक हलून वीज होते. वाया जाणाऱ्या धगीवर आईचा पंखा चालतो, याचं आमच्या प्रयोगशाळेत भारी कौतुक आहे. दुपारी लाइन नसते म्हणून तर हा खटाटोप. गेल्या वैशाखात आई भट्टीपुढे कोसळली, तेव्हा वारा नसेल तर आगीपुढे बसायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पंखा रोज चालतो का, एवढं कळवा.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची कटकट,
अनुपमा

जानेफळ, १४ एप्रिल

चि. अनुपमास अनेक आशीर्वाद.

पंखा झकास चालतो. ऊन मरणाचं आहे, पण तुझी आई राणीसारखी वारा घेत बसते. नळी घुमताना काल तू फोनवर ऐकलीसच. लग्नाचं विचारलं की पोरगी नळीचंच सांगून राह्यली, असं आई म्हणते. जेवणाची हेळसांड करू नको. आम्ही मजेत आहोत.

तुझा,
बाबा

जानेफळ, ९ जून

चि. अनुपमास आशीर्वाद.

तुझ्या आईच्या तेराव्याला तू नळीला हात लावून रडलीस. माझंच यंत्र ऐन वेळी बंद पडलं असणार, मीच आईला मारलं, म्हणालीस. मी समोर उभा होतो आणि खरं सांगायचं टाळलं. म्हणून हे लिहितो.

यंत्र बंद पडलं नव्हतं पोरी. आम्हीच नळीच्या तोंडात चिंधी कोंबून ती बंद ठेवत होतो. मोतीबिंदूमुळे तुझ्या आईला चण्याचा रंग दिसत नव्हता, ती तडतडीवरून कढई उतरवायची. नळी घुमली की तडतड ऐकू येईना. पहिल्याच दिवशी तीन घाणे करपले. तुझ्या फोनच्या वेळी तेवढी चिंधी काढायची, हे तिनेच ठरवलं. मी दोनदा चिडलो. तर म्हणाली, पोरीनं एवढ्या हौसेनं केलं, तिले वाईट वाटंन, सांगसान तर तुमाले माही शपथ हाय. शपथ मोडली तर तिच्याच जिवाला काही होईल, या भीतीने मी गप्प राहिलो. त्या दुपारी लाइन नव्हती, पंखा बंद होता आणि ती आगीपुढे बसली होती. मी चिंधी काढली तोवर ती गेली होती.

मला काय वाटेल ते बोल, पण स्वतःला दोष देऊ नको.

तुझा अपराधी,
बाबा

पुणे, १७ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार दिवस उशाशी होतं. राग आला, खूप आला. नळी दोन हात लांब केली असती तर आवाज खर्जात गेला असता आणि आईला तडतड वेगळी ऐकू आली असती. एका दिवसाचं काम होतं. हे तुम्हाला लिहू नये असं वाटत होतं, पण आपल्या घरात एकमेकांपासून लपवून झालं तेवढं पुरे. मी तरी कुठे शहाणी? धग मोजली, आवाज मोजला, पण कढई कधी उतरवायची हे तुला कसं कळतं, असं आईजवळ बसून एकदाही विचारलं नाही. सव्वीस वर्षं तिच्या हातचे फुटाणे खाल्ले आणि एवढंही माहीत नव्हतं.

शपथ बहुधा मीही मोडली नसती बाबा. रविवारी येते. तोवर दोन्ही वेळ जेवता का, ते कळवा. खरं खरं लिहा.

तुमचीच,
अनुपमा