दुसऱ्या मजल्याचं लायसन

१ डिसेंबर, सोमवार

थंडी पडली एकदाची. ट्रंकेतला स्वेटर काढला, त्याला डांबरगोळ्यांचा वास. दिवसभर ऑफिसात जो तो नाक मुरडत होता. मला ऊब होती, बस.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्या मजल्यावर प्रिंटरचं सॉफ्टवेअर लावून (पुढे नुसतं सॉ., एवढं कोण लिहितं) सहा महिने झाले. लायसन वाढवून दुसऱ्या मजल्यालाही घ्यायचं का? महिनाअखेर सांगा, तुम्ही म्हणाल तसं करू. 'तुम्ही म्हणाल तसं' ऐकून गुदगुल्या झाल्या. एरवी मॅनेजर म्हणून मला फक्त पंखे नि संडास यांबद्दल विचारतात.

उत्तर हो. सॉ. माझंच लाडकं. काँप्युटरवरून प्रिंट दिली तरी कागद बाहेर येत नाही. आपण मशीनपाशी जाऊन आपलं कार्ड दाखवायचं, मग येतो. आधी त्या मशीनवर बेवारस कागदांचा ढीग असायचा. आता एक कागद दिसत नाही. चहा संपायच्या आत निर्णय झाला होता, पण लगेच सांगितला तर किंमत राहत नाही.

३ डिसें., बुध.

टेप घेऊन दुसऱ्या मजल्यावर, अकाउंट्समध्ये. तिथे टेबलागणिक छोटे प्रिंटर आहेत. ते सगळे जातील नि पॅसेजच्या टोकाला, जिन्यापाशी, एक मोठं मशीन येईल.

शोभाताईंचं टेबल नेमकं दुसऱ्या टोकाला. कोराडीच्या वीजकेंद्रावरच्या ठेकेदारांची बिलं, आम्हा सगळ्यांचे पगार, सगळं त्यांच्या हातचं. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या होत्याच, कामही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या प्रिंटरवर त्यांनी विणलेलं क्रोशाचं झाकण आहे. प्रताप नगरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. गुडघा बिघडल्यापासून रामदासपेठेतल्या ऑफिसपर्यंत जाणं-येणं माझ्या गाडीतून.

"माझं मशीन काहून नेऊन राहिला गा?"

सांगितलं. त्यांनी पॅसेजकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, एका-एका कागदासाठी एवढं चालणं या गुडघ्याला जमायचं नाही, तसं असेल तर नोकरी सोडते. रागाने नाही म्हणाल्या, बिलातली चूक दाखवावी तसं म्हणाल्या. रिटायर व्हायला अजून दोन वर्षं आहेत.

दुपारी डब्यातली कोथिंबिरीची सांभारवडी मात्र नेहमीसारखी माझ्या पुढ्यात सरकवली. खाल्ली. लाज वाटली, पण दोन खाल्ल्या.

५ डिसें., शुक्र.

युक्ती सुचली! सगळा मजला सॉ.मध्ये घ्यायचा, ताईंचा प्रिंटर तेवढा बाहेर ठेवायचा. संध्याकाळी गाडीत ऐटीत सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"मले एकटीले वेगळं काढतं का? उद्या सगळे म्हणतील, बाईले चालता येत नाही म्हणून साहेबानं सूट देली."

उतरताना रोजचं 'येते' नाही. दारही जरा जोरातच लावलं.

वंदनाला सांगितलं. तिने पोळी उलटली आणि एवढंच विचारलं, त्यांना आधी विचारलं होतं का? नव्हतं. बायकोचं बरोबर निघालं की त्या दिवशी वरण बेचव लागतं.

८ डिसें., सोम.

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू. जिकडेतिकडे बॅरिकेड, शिट्ट्या, झेंड्याच्या गाड्या. ताईंशी बोलणं झालं ते फक्त बंद रस्त्यांवर.

आजची खरी गोष्ट. पहिल्या मजल्यावर गेलो तर ड्रॉइंग सेक्शनचा नितीन मशीनपुढे उभा, हातात कार्डांचा जुडगा. एक दाखवतो, कागद घेतो, दुसरं दाखवतो. मशीनशेजारी भिंतीत खिळा, त्यावर जुडग्याची जागा. अख्ख्या मजल्याची कार्डं तिथे टांगलेली! रिवाज असा की पाण्याला, चहाला जो कोणी उठेल त्याने सगळ्यांचे कागद आणून टेबलाटेबलावर द्यायचे. नितीनला ना भीती ना संकोच. "एक उठलाच आहे तर बाकीच्यांनी काहून उठावं, भाऊ?"

खिळा कधीचा, विचारलं. सॉ. लागल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून.

म्हणजे कागद बेवारस राहत नाहीत ते या खिळ्यामुळे, आणि सहा महिने सरांपुढे मी गुण गायले सॉ.चे. आधी डोकं तापलं. मग जिन्यात एकटाच हसलो. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. वंदनाचं म्हणणं परत खरं.

१० डिसें., बुध.

सॉ.वाल्या कंपनीचा माणूस पुण्याहून आला. खिळा पाहून त्याचा चेहरा उतरला. कार्ड ज्याचं त्यानेच वापरायचं, नाहीतर अर्थ काय, आणि अकाउंट्समध्ये तर पगाराचे कागद, असं म्हणाला. चूक नाही त्याचं. तर्री पोहे खायला घातले. नाका-डोळ्यांतून पाणी, तरी दुसरी प्लेट घेतली. भला माणूस. मशीन महिनाअखेरपर्यंत वर ट्रायलला ठेवून गेला.

आता पेच असा: वर खिळा ठोकला तर ताईंना उठावं लागणार नाही, पण पगाराचे कागद गावभर. खिळा नाही तर ताई नोकरी सोडणार. आणि खिळ्याचं सरांपासून लपवलं तर मी खोटा.

१२ डिसें., शुक्र.

गाडीत ताईंना खिळ्याची गोष्ट सांगितली. आठवड्यानंतर हसल्या, डोळे पुसत हसल्या. घर आल्यावर, दार अर्धं उघडून:

"माझं कार्ड खिळ्याले नाही टांगत मी. पगाराचे कागद मीच आणीन. तिथं एक खुर्ची ठेव. पण सगळ्यांसाठी ठेव, माझ्या नावाची नको."

'येते' म्हणाल्या. फार बरं वाटलं. घरी येऊन तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१६ डिसें., मंगळ.

ट्रायल चालू. ताई बरेच कागद साठवून एकदम उठतात. एक हात भिंतीला, मधल्या खिडकीशी थांबणं, मग पुन्हा चालणं. मी जिन्यात उभा राहून पाहत होतो. पुढे जाऊन हात द्यावा असं सारखं वाटत होतं. दिला असता तर पुन्हा दार आपटलं असतं.

खुर्ची मात्र फुकट. कधी पाहावं तर तिच्यावर पहिल्या मजल्यावरचा कोणीतरी फोनवर बोलत बसलेला. ताईंनी आज नितीनला उठवलं. उठला, आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आला. मग दोघांचं मशीनपाशी बराच वेळ चाललेलं, त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल. एवढ्या वर्षांत दोघांना बोलताना पाहिलं नव्हतं.

२२ डिसें., सोम.

सरांना सगळं सांगितलं. खिळा, ताईंचा गुडघा, माझी फजिती. सर खिळा पाहायला स्वतः खाली गेले, हसत आले. "मग घ्यायचं की नाही लायसन?"

दोन-चार दिवस द्या म्हणालो. संत्र्यांची पिशवी दिली त्यांनी, काटोलकडची, गोड आहेत. मी सोलत बसलो नि ठरवायचं राहिलं.

२९ डिसें., सोम.

महिना संपत आला. सरांनी सकाळी नुसत्या भुवया उंचावून विचारलं. उद्या म्हणालो.

ताई आज थकल्या होत्या. गाडीत बसताना पाय हाताने उचलून आत घेतला. मी म्हणालो, ट्रायल थांबवायला सांगू का? नको म्हणाल्या. मग त्यांच्याच तोंडून कळलं की डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ते रिटायर झाल्यावर करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गुडघ्याचं मी कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं, एवढं का थांबलात?

"दोन-तीन महिने घरी बसावं लागते म्हणतात. तेवढ्यात माझ्या टेबलावर दुसरं कोणी बसलं तर मग त्याले उठवते कोण?" मग म्हणाल्या, "रोज तिथवर चालून पाहिलं ना, आता वाटते करूनच टाकावं. टेबल ठेवशील का माझं?"

हो म्हणालो. सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते, तरी दोनदा म्हणालो.

सरांना अजून विचारलेलं नाही. उद्या लायसनच्या आधी हेच विचारणार.