शेगडीशेजारची डबी

प्रिय सिंद्रे,

स्वयंपाकघरातल्या पाइपातलं गोठलेलं पाणी गेल्या आठवड्यात अखेर सुटलं. पाइप फुटला नाही, एवढंच नशीब. बाहेर उणे तीस, आणि मी सिंकखालच्या कपाटात डोकं घालून हेअर ड्रायर धरून बसले होते. शेजारचा ओड्वार मदतीला आला, तो नेहमीसारखं तोंड वाजवतच. “काय बोर्गहिल्ड, लेक ऑस्लोत बसून तुझं घर चालवतो म्हणे? मग त्यालाच सांग की तिथून फुंकर मारायला!” मला अजिबात हसू आलं नाही. नळापासून सुरुवात करून हळूहळू भिंतीकडे सरकायचं, हे तरी त्याला ठाऊक होतं.

तू हीटर बसवून दिलेस, मोबाइलला जोडलेस, सगळं कबूल. पण तापमान मोजणारी ती डबी लावलीस कुठे, तर बाहेरच्या खोलीत, लाकडाच्या शेगडीशेजारी! मी शेगडी पेटवली की डबीला वाटतं, अख्खं घर तापलं. तुला तिकडे सव्वीस दिसतं, “आईनं वीज उधळायला काढलीय” म्हणत तू हीटर बंद करतोस, आणि इकडे उत्तरेच्या भिंतीतला पाइप काकडतो. तुझे बाबा असते तर त्यांनी आधी भिंतीला हात लावून बघितला असता. तू हात लावतोस तो मोबाइलच्या काचेला.

म्हणून मी फोनवर भडकले. “माझ्या घराला पुन्हा हात लावशील तर बघ!” म्हणाले. “बरं, नाही लावत,” म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझा फोन नाही, आणि मीही केला नाही. शब्द मात्र पाळलास, जन्मात पहिल्यांदाच.

आता ऐक. रोज संध्याकाळी मी शेगडीत जास्तीची लाकडं घालते. डबी सव्वीस दाखवते, अठ्ठावीस दाखवते. मी स्वेटर काढून, घामाघूम होऊन हीटरच्या लाल दिव्याकडे बघत बसते. पूर्वी तो विझला की चरफडायचे, ‘आला कारटा घरात’ म्हणायचे. आता तो विझतच नाही. याचा मला त्या गोठलेल्या पाइपापेक्षा जास्त राग येतो. सिंकखालच्या कपाटाची दारं मी उघडी ठेवलीत, नळाची बारीक धार सोडून ठेवलीय. पाइपाला काही होणार नाही. तू खुशाल हीटर बंद कर. एकदा तरी बंद कर रे.

तुझीच,
घामाघूम आई