तिसऱ्या निविदेवरची सही

मी, हेमावती सिद्धराम वाघमोडे, वय सदुसष्ट, राहणार जुळे सोलापूर, व्यवसाय सरकारी बांधकामांचे कंत्राट (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आई रागात आहे आणि तिचे डोके ठिकाणावर नाही, असे माझा मुलगा चारचौघांत सांगतो. त्यातला राग तेवढा खरा आहे. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते.

१. जुळे सोलापुरातील घर माझ्या कमाईचे व माझ्याच नावावर आहे. ते मी माझी सून सुकन्या हिला देते. कलम ६ मधील एक अट सोडून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही.

२. कुंभारीजवळची विहिरीसह जमीन बनाबाई, कै. गुंडा मेंढपाळ यांची पत्नी, यांना द्यावी. हे दान नव्हे. त्यांच्याकडून कोणी आभाराचा शब्द काढून घेऊ नये. का देते, ते लिहिणे भाग आहे.

होटगीच्या पलीकडे एका वस्तीवर सरकारी पाण्याची टाकी बांधली गेली. ठेकेदार आबासाहेब. टाकी पहिल्यांदा भरत होती तेव्हा खाली सावलीला गुंडाची मेंढरे बसली होती. खांब तडकल्याचा आवाज झाला तसे बाकीचे पळाले. गुंडा कोकरे ओढून काढायला परत आत गेला. टाकी त्याच्यावर आली.

गुंडाचे दिवसकार्य झाल्यावर बनाबाई माझ्या दारात आली. आत ये म्हटले तरी आली नाही.

"मालकीनबाई, टाकीच्या कागदावर तुमचं बी नाव हाय म्हनं. व्हय का?"

"न्हाय गं. आमचा काय संबंध? कुणी सांगितलं तुला?"

"चौकशीचं सायेब वाचून दावत हुतं. तीन ठेकेदारांची नावं हायत. त्यातलं एक तुमचं."

तुझी काहीतरी चूक होतेय, असे म्हणून मी तिला परत पाठवले. माझा मुलगा अभिमन्यू आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही, म्हणून मीच आत गेले.

त्या निविदेच्या वेळी मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. संगणकाला लावायची डिजिटल सहीची किल्ली घरात, त्याच्या हाताशी होती.

"आई, ते काम आपल्याला मिळणार नव्हतंच की," तो म्हणाला. "आबासाहेबांना तिसरी निविदा पाहिजे होती. तीन झाल्याशिवाय पाकिटं उघडत नाहीत. दर त्यांनीच सांगितला, मी भरला."

"आणि सही?"

"तुझीच. डिजिटल तर आहे, त्यात काय?"

त्यात काय! दुसरी निविदा आबासाहेबांच्या मेव्हण्याची होती. म्हणजे पाकिटे तीन आणि माणूस एकच. कार्यालयाने मात्र 'पुरेशी स्पर्धा झाली' असा शेरा मारला.

माझे यजमान कै. सिद्धराम गवंडीकाम करत वर आले. निविदा भरताना ते दार लावून घ्यायचे, मलासुद्धा आकडा सांगायचे नाहीत. काम हातचे गेले तर जिंकणाऱ्याचे स्वतः फोन करून अभिनंदन करायचे. म्हणायचे, "दुसऱ्याचा दर आधी कळला तर ते टेंडर न्हवं, हेमा. नाटक हाय. आन् तिकीट गावानं काढल्यालं." त्यांच्या फर्मच्या नावाने हे नाटक झाले आणि त्यात माणूस मेला.

३. सबब, ती फर्म माझ्याबरोबर संपेल. नोंदणी रद्द करावी. ते नाव कोणी पाटीवर, बिलावर किंवा गाडीवर लावू नये.

४. मिक्सर, सेंटरिंगच्या प्लेटा व गोदामातील इतर सामान आमचे जुने मिस्त्री बिरुदेव यांना द्यावे. आबासाहेबांना एक प्लेटही भाड्याने जाऊ नये. बिरुदेवला हे सांगावे लागणार नाही, तरी लिहिते.

५. चौकशीपुढे मी स्वतः जाऊन सांगितले की ही सही माझी आहे आणि ती माझ्या मुलाने वापरली. गाडी सुकन्या चालवत होती. नवऱ्याविरुद्ध चाललो आहोत हे तिला ठाऊक होते. वाटेत ती एवढेच म्हणाली, "आई, पाणी पिऊन घ्या, आवाज फुटला पाहिजे तुमचा."

आमची फर्म काळ्या यादीत गेली. मी हरकत घेतली नाही. आबासाहेबांनी मात्र बायकोच्या नावाने नवी कंपनी काढली. आज ती कंपनी एका शाळेच्या खोल्या बांधत आहे. 

समेटासाठी ते माझ्या घरी येऊन गेले. चहा घेत म्हणाले, "वैनी, कायबी केलं तरी गुंडा परत येनार हाय का?" कप हातातून काढून घेऊन मी त्यांना दार दाखवले. माझ्या अंत्ययात्रेत त्यांना येऊ देऊ नये. शोकसभेत ते फार छान बोलतात.

आबासाहेबांविरुद्ध मी कोर्टात दाखल केलेली तक्रार माझ्यानंतर सुकन्याने चालवावी. ती मागे घेण्याची मुभा मी कोणालाही देत नाही.

६. अभिमन्यू. याला मी आजच्या तारखेला काहीही देत नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला विचारले होते, "दर कोणी सांगितला?" आबासाहेब समोरच बसले होते. माझा मुलगा बुटांकडे बघत म्हणाला, "आठवत नाही."

ज्या दिवशी तो शपथेवर ते नाव घेईल, त्या दिवसापासून घराचा अर्धा हिस्सा त्याचा. माझ्या फोटोपुढे रडून, सुकन्याच्या कानात सांगून किंवा देवळात कबूल करून चालणार नाही. कोर्टात, उभे राहून, मोठ्याने. बनाबाईला ऐकू गेले पाहिजे.

अग्नी त्यानेच द्यावा. तो माझा मुलगा आहे, आणि हे मला कोणत्याच कलमाने रद्द करता येत नाही.

वकिलांनी विचारले, रागाची वाक्ये गाळू का? मी म्हणाले, राहू द्या. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते. या वेळी स्वतःच्या हाताने.

ठिकाण : सोलापूर
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

(सही) हेमावती सिद्धराम वाघमोडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. श्रीशैल बिराजदार, जुळे सोलापूर
२. (सही) सिद्धेश्वरी म्हेत्रे, निवृत्त मुख्याध्यापिका, शेजारी